काखेतली भाकर

मल्हारीच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हा नांदेडच्या डॉक्टरनं त्याला तीन गोष्टी विचारल्या. तंबाखू किती खाता, घरात आणखी कुणाला असं झालंय का, आणि औरंगाबादला पस्तीस दिवस राहायची सोय होईल का. कुत्र्याचं कुणी विचारलं नाही. मल्हारीचं म्हणणं, सगळा घोळ तिथंच झाला.

"पस्तीस दिवस मी न्हाई, तर जमादार जेवल कुणाच्या हातानं?" त्यानं खाजा मियाला विचारलं. आवाज बसून दोन महिने झाले होते. जे बोलायचं ते कुजबुजून. त्यामुळं मल्हारीनं नुसतं पाणी मागितलं तरी कुठं तरी दरोडा घालायचा बेत चाललाय असं वाटायचं.

खाजा मिया पिंजारी. आखाडा बाळापुरात गाद्या, उशा, रजया भरून द्यायचा. त्याचं घर आणि मल्हारी धनगराचं घर यांच्यात एक बोळ आणि एक बाभूळ, एवढंच अंतर. चाळीस वर्षांचा शेजार. त्यातली शेवटची नऊ वर्षं जमादार खाजा मियावर भुंकत आला होता. कापूस पिंजायची तार वाजली की भुंकायचा, नाही वाजली की काय झालं म्हणून भुंकायचा.

जमादार म्हणजे मल्हारीचा कुत्रा. उंच, काळा, छातीवर पांढरा ठिपका. पिल्लू असताना मल्हारीनं त्याला आपल्या बापाच्या रीतीनं वाढवलं होतं. भाकर आधी स्वतःच्या काखेत धरायची, घाम मुरू द्यायचा आणि मग पिल्लाला चारायची. असं एकवीस दिवस केलं की कुत्रं जन्मात दुसऱ्याच्या हातचं खात नाही. चोरानं टाकलेला तुकडा हुंगतं आणि तिथंच सोडतं. मेंढरं राखायची तर असलंच कुत्रं लागतं. मल्हारीला त्याचा केवढा अभिमान. पोरीच्या, मोहिनीच्या लग्नात वऱ्हाडातल्या कुणी तरी जमादारपुढं बुंदीचा लाडू टाकला, तर त्यानं लाडवाकडं पाठ करून बसून दाखवलं. व्याही चकित झाले. नवरदेवापेक्षा त्या दिवशी कुत्र्याचीच जास्त चर्चा झाली.

पण त्या अभिमानापायी मल्हारी नऊ वर्षांत एक रात्र कुठं मुक्कामाला राहिला नव्हता. एकदाच, बहिणीकडं, दोन दिवस. तेव्हा जमादार जीपमागं वारंगा फाट्यापर्यंत पळाला आणि परत येऊन उपाशी पडून राहिला. मागच्या साली जिल्हा परभणीचा हिंगोली झाला, तेव्हा मल्हारी घरबसल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला. तेवढा एक प्रवास त्याला मानवला होता.

आता सोमवारी सकाळी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नंबर लागला होता. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं. मेंढरं दिवाळीतच वसमतला भाच्याकडं गेली होती. राहिलं होतं घर, एक शेळी, अंड्यांवर बसलेली एक कोंबडी आणि जमादार. जमादार दुसऱ्याच्या हातचं जेवला नाही तर मल्हारी गाडीत बसणार नव्हता. आणि तो गाडीत बसला नाही तर काय होईल, ते डॉक्टरनं त्याच्या बायकोला, अनुसयाबाईला, बाहेर बोलावून सांगितलं होतं, अनुसयाबाईनं खुर्शीदबीला, आणि खुर्शीदबीनं आपल्या नवऱ्याला, खाजा मियाला. मल्हारीला कुणीच सांगितलं नाही, त्यामुळं त्याला ते सगळ्यांत आधी कळलं होतं.

"मी हाये ना," खाजा मिया म्हणाला.

"तुमाला तर तो चावाया बघतो."

"नऊ साल झाले, अजून चावला न्हाई. म्हंजे मनात काई तरी असंल त्याच्या."

सोमवारी, निघायच्या सहा दिवस आधी, मल्हारीनं त्याला घर समजावून दिलं. चाळीस वर्षं जे घर खाजा मियानं रोज पाहिलं होतं ते त्याला नव्यानं दाखवण्यात आलं. हे दार. हे उचलून मग ढकलायचं. ही कडी उलटी लागती. ही शेळी, हिला बाभळीच्या शेंगा दोन मुठी, तिसरी मागंल, द्यायची न्हाई, लई मागती. कोंबडीकडं बघायचं न्हाई, तिला वाटतं आपण अंडी मोजून राहिलो. पोस्टमन आला तर त्याला बोळातच थांबवायचं. देवळीतल्या खंडोबापुढं दिवा.

इथं मल्हारी थांबला. खाजा मियाकडं पाहिलं.

"दिवा मी लावीन," खाजा मिया म्हणाला. "वात पण मीच करीन. कापूस माझ्यापेक्षा कोन जास्त जाणतो?"

"आन् देव काई बोलला तर?"

"बोलला तर तुमाला औरंगाबादला कळवतो."

अनुसयाबाई चुलीपाशी बसून ज्वारीचं पीठ डब्यात दाबून भरत होती. पस्तीस दिवसांचं पीठ. तिनं मान वर केली नाही. "इचारा देवाला, पस्तीस दिवसांनी परत आल्यावर आमाला घरात घेनार हाये का," ती म्हणाली. तिघंही हसले, आणि मग कुणी तरी आधी थांबावं म्हणून तिघंही थोडा वेळ उगाच हसत राहिले.

मंगळवारपासून काम सुरू झालं. मल्हारीनं घरातून नाहीसं व्हायचं, ही पहिली पायरी. तो बोळ ओलांडून खाजा मियाच्या घरात राहायला गेला. खाजा मियानं मल्हारीचा सदरा घातला, डोक्याला त्याचं लाल मुंडासं बांधलं, काखेत भाकर दाबली आणि मल्हारीच्या ओट्यावर बसला.

रमजान चालू होता. आता रोजे धरलेल्या माणसानं दिवसभर काखेत ताजी भाकर घेऊन बसायचं, म्हणजे त्या भाकरीचा वास सारखा नाकात. खाजा मियानं आयुष्यात पुष्कळ रोजे केले होते, पण एवढ्या जवळून कधी केला नव्हता. दुपारी त्यानं घामेजलेली भाकर जमादारपुढं धरली. जमादारनं ती हुंगली. मग मुंडाशाकडं पाहिलं, सदऱ्याकडं पाहिलं, आणि जत्रेतल्या सोंगाकडं बघावं तसं एकदा खाजा मियाच्या तोंडाकडं बघून तो बोळाकडं तोंड करून बसला. भुंकला मात्र नाही. मालकाच्या सदऱ्याला तेवढा मान दिला.

बोळाच्या पलीकडं मल्हारीला खोकला यायचा. खोकला ऐकला की जमादार उठून उभा. म्हणून मल्हारी पिंजलेल्या कापसाच्या ढिगात तोंड खुपसून खोकायचा, त्यानं कापूस नाकात जायचा, आणि खोकला दुप्पट व्हायचा. खुर्शीदबी त्याला पेज आणून द्यायची. अलीकडं तेवढीच घशाखाली उतरत होती.

"क्या भाई," ती म्हणायची, "कपास में कायकू मुंडी घालके बैठे? कुत्ते कू मालूम है तुम इधर है. पूरे बाळापूर कू मालूम है."

"खाल्लं का त्यानं?" मल्हारी कापसातून विचारायचा.

"नक्को पूछो."

मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. जमादार पाणी पीत होता, बस्स. गावातली माणसं येता-जाता म्हणू लागली की बाळापुरात खरे रोजेदार दोनच, आणि त्यातला एक पहाटे सहेरीचं जेवायलाही उठत नाही.

शुक्रवारी खाजा मियानं जरा जास्तच मन लावलं. घाम नीट मुरावा म्हणून भाकर सकाळपासून काखेतच होती. दुपारी नमाजाची वेळ झाली आणि तो घाईघाईनं मशिदीत गेला. हौदावर हात-पाय धुवायला, वजू करायला, बाही वर सारली, हात लांब केला, आणि अख्खी जमात बघत असताना काखेतून ज्वारीची भाकर पडली. फरशीवर पडून, कडेवर उभी राहून ती चाकासारखी घरंगळत गेली आणि मौलवी साहेबांच्या पायाशी जाऊन आडवी झाली.

भर रमजानात, भर दुपारी.

"ये क्या है, खाजा मियाँ?" मौलवी साहेबांनी विचारलं.

"भाकर."

"किसकी?"

"कुत्ते की."

मौलवी साहेबांनी भाकर उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. खाजा मियानं सगळी हकीकत सांगितली. गळ्याची गाठ, पस्तीस दिवस, काख. मौलवी साहेब तरुण होते, बाहेरगावहून आलेले. त्यांनी डोळे मिटून थोडा विचार केला. मग म्हणाले, भुकेल्या जनावराला चारणं सवाबचं, पुण्याचं काम आहे. हात धुवा, ताट वेगळं ठेवा. काखेबद्दल आपल्याला काही वाचल्याचं आठवत नाही.

शनिवारी जमादार उठेनासा झाला. बाभळीखाली पडून होता आणि बरगड्या मोजता येत होत्या. उन्हं कलली तेव्हा मल्हारी कापसातून बाहेर आला, बोळाच्या तोंडाशी उभा राहून त्यानं कुत्र्याकडं पाहिलं, आणि अनुसयाबाईला म्हणाला, "ट्रंक सोड. आपुन जाऊन न्हाई राहिलो."

अनुसयाबाईनं ट्रंक सोडली नाही. ती ट्रंकेवर बसली. "कुत्र्याच्या जिवापायी मानसाचा जीव घालवता का?"

"दोनीमधला एक तं वाचल. त्याचं वय हाये अजून."

"काहून असं बोलता?"

तो परत कापसात गेला.

खाजा मिया ओट्यावर बसून हे ऐकत होता. त्याला राग आला. मल्हारीचा नाही, अनुसयाबाईचा नाही, त्या काळ्या कुत्र्याचा. नऊ वर्षं भुंकून घेतलं, पाच दिवस काख चिकट करून घेतली, मशिदीत शोभा करून घेतली, आणि याच्या एका हट्टापायी आपला माणूस जाणार. तेवढ्यात सूर्य बुडाला आणि मगरिबची अजान झाली. एरवी तो रोजा सोडायला घरी जायचा. त्या दिवशी त्याला उठवेना. समोर जमादारसाठी केलेल्या दोन भाकरी होत्या, अजून काखेत न गेलेल्या. त्यानं पाण्याचा घोट घेतला, भाकर मोडली आणि मिठासंगं खायला लागला.

"मर उपाशी," घास चावत तो कुत्र्याला म्हणाला. "मी जेवतो. लई झाली तुझी जमादारी."

बाभळीखाली हालचाल झाली. जमादार उठला. पाय थरथरत होते. ओट्यापाशी आला आणि खाजा मियाच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. खाजा मियानं दुसरा घास घेतला, गिळला. जमादारनं मान खाली घातली आणि ताटातली भाकर खायला सुरुवात केली.

खाजा मियाचा तिसरा घास तोंडाशी तसाच राहिला. तो थांबला तसा कुत्राही थांबला. वर बघू लागला. खाजा मियानं घास खाल्ला. कुत्रा पुन्हा खाऊ लागला.

मग त्याला एकेक आठवत गेलं. मल्हारी नऊ वर्षं याच ओट्यावर जेवायचा. आधी स्वतः घास घ्यायचा, मग कुत्र्याला टाकायचा. अनुसयाबाई मागून जेवायची, आत चुलीपाशी, आणि कुत्र्याला आत यायची मनाई. दुसऱ्या कुणी जमादारपुढं तुकडा टाकला असेल, पण त्याच्या समोर बसून जेवलं कोण? चोर काही जेवायला बसत नसतात. वऱ्हाडातल्या त्या माणसानंही लाडू टाकला होता, खाल्ला नव्हता. आणि खाजा मिया स्वतः रोज दुपारी रोज्याच्या तोंडानं त्याच्यापुढं भाकर धरत होता. काखेचा काही संबंधच नव्हता. कुत्र्याला एवढंच कळत होतं की आधी माणूस जेवतो, मग आपण.

त्याला आणखी एक आठवलं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. जमादार पाच दिवसांत वाळला नव्हता. तो महिनाभर वाळत होता. मल्हारीचा घास उतरेनासा झाला तेव्हापासून.

खाजा मियानं ठरवलं, मल्हारीला निम्मंच सांगायचं. कुत्रा जेवला, चला, गाडीत बसा. तसंच सांगितलं. पण मल्हारी जन्मभर जनावरांत राहिलेला. त्यानं विचारलं, कसा जेवला, कोन आधी बसलं, कुठं बसलं. खाजा मिया खोटं बोलायला कच्चा. रमजानात तर आणखीच.

रविवारी सकाळी मल्हारी स्वतः ओट्यावर येऊन बसला. जमादार त्याच्या पायात घुटमळला, शेपटीनं धूळ उडवली, मग समोर नीट बसला. अनुसयाबाईनं दोन ताटं ठेवली. मल्हारीनं भाकरीचा कण मोडला, दुधात भिजवला, तोंडात घातला. चावला. जमादार त्याच्या तोंडाकडं बघत होता. मल्हारीनं मान मागं केली, डोळे मिटले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. घास उतरला नाही. त्यानं तो हातावर काढला.

जमादारनं ताटाला तोंड लावलं नाही. मालक जेवायचा होता अजून.

मल्हारीनं पुन्हा एक कण घेतला. पुन्हा तेच. बाभळीखालची शेळी काय चाललंय ते बघून दुसरीकडं गेली. खाजा मियाला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठलं तर मल्हारीला दिसेल म्हणून तो बसून राहिला.

"ह्यो महिनाभर माझ्यापायी उपाशी व्हता," मल्हारी कुजबुजला. "आन् मी म्हनत व्हतो, माझ्याबिगर ह्यो जगत न्हाई."

अनुसयाबाईनं पदरानं त्याचा हात पुसला.

"मग जातो मी," तो म्हणाला. "हितं राहून मारू का त्याला?"

निघायचं कसं, ते खाजा मियानं ठरवलं. जमादारनं बघितलं तर तो गाडीमागं पळणार, आणि आता पळण्याएवढी ताकद त्याच्यात नव्हती. मगरिब पावणेसहाच्या सुमाराला, गाडी सव्वासहाला. कुत्रा खात असताना मान वर करत नाही. म्हणजे खाजा मियानं ओट्यावर बसून रोजा सोडायचा आणि गाडी निघेपर्यंत जेवत राहायचं. अर्ध्या तासाचं काम.

अजान झाली. खाजा मियानं खजूर तोंडात टाकला, पाणी प्याला, पहिली भाकर मोडली. जमादारनं आपली सुरू केली. मागच्या दारानं मल्हारी आणि अनुसयाबाई बाहेर पडले. खाजा मियाला ते दिसत नव्हते. वहाणांचा आवाज येत होता, आणि ट्रंक एकदा दाराला लागली तो. निरोप आधीच घेऊन झाला होता. म्हणजे दुपारी मल्हारीनं त्याला शेळीचं पुन्हा एकदा सांगितलं होतं. दोन मुठी. तिसरी न्हाई.

बोळाच्या टोकाला मल्हारी खोकला. जमादारचा एक कान उभा राहिला. खाजा मियानं कांदा बुक्कीनं फोडला आणि मोठ्यानं चावायला लागला. कान खाली आला.

सव्वासहा झाले. गाडी आली नाही. एसटीच ती. खाजा मियाच्या चार भाकरी झाल्या होत्या. खुर्शीदबी मल्हारीच्या चुलीवर पाचवी थापत होती. अनुसयाबाईनं पस्तीस दिवसांचं म्हणून भरलेल्या डब्यातलं पीठ.

"बस करो ना," ती दारातून म्हणाली. "पेट फूट जाएंगा."

"गाडी गेली का?"

"नहीं गई."

"मग आन."

साडेसहा झाले. सहावी भाकर. जमादारचं पोटही टम्म झालं होतं, पण तो मर्यादेचा कुत्रा. माणूस जेवतोय तोवर उठायचं नाही. एक घास खाजा मियाचा, एक त्याचा. दोघंही आता एकमेकांकडं न बघता खात होते. मगरिबच्या नमाजाची वेळ टळत चालली होती. खाजा मियाच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. कांद्यानं, असं त्यानं बायकोला सांगितलं असतं, पण कांदा केव्हाच संपला होता. दोनशे पावलांवर स्टँडच्या बाकावर मल्हारी बसलेला असणार, तोंडावर धोतराचा पदर दाबून, खोकला आत ठेवत.

मग हॉर्न वाजला. गाडी थांबल्याचा आवाज. पत्र्याचं दार आपटलं. कंडक्टरनं घंटी ओढली आणि इंजिन हिंगोलीच्या रस्त्यानं लांब लांब जाऊ लागलं.

खुर्शीदबी दारात आली. "गई," ती म्हणाली.

जमादारनं मान वर केली. आधी बोळाकडं पाहिलं. मग मागच्या दाराकडं. नाक वर करून हवा हुंगली. आणि मग तो खाजा मियाच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

खाजा मियानं परातीतली सातवी भाकर घेतली आणि मोडली.